पहिली मूठ

आमच्याकडे भुलाबाई महिनाभर बसते. भादव्याच्या पुनवेला मातीची भुलाबाई आणि तिचा भुलोबा कोनाड्यात मांडतात, संध्याकाळी पोरी जमून गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की ज्या घरची पाळी असेल तिथली पोर झाकलेला डबा आणून सगळ्यांच्या कानाशी हलवते. आत काय आहे ते आवाजावरून ओळखायचं. ओळखल्याशिवाय खिरापत मिळत नाही. कोजागिरीपर्यंत रोज हेच. माझी आई मुद्दाम फुटाण्यांत दोन सुपाऱ्या टाकायची, म्हणजे आवाज फसवा येई, आणि आम्ही पोरी लाडू, शंकरपाळे असं काहीबाही सांगत बसायचो.

हा खेळ मी अंगणवाडीत आणला. अंजनगाव सुर्जीपासून अकरा किलोमीटरवर आमचं गाव. तिथे बावीस वर्षं मी सेविका होते. खेळातून शिक्षण या विषयावर अकोल्याला पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं, तिथे शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची होती. ती म्हणाली, महागडी खेळणी नकोत, तुमच्या घरात, तुमच्या वावरात जे आहे त्यातूनच लेकरू शिकतं. बाकीच्या बायका वहीत उतरवून घेत होत्या. माझ्या डोळ्यापुढे भुलाबाईचा डबा आला.

दुधाच्या पावडरचा रिकामा डबा घेतला. रोज त्यात काहीतरी खायचं घालायचं. मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, खारका. लेकरांनी डोळे मिटून ऐकायचं आणि सांगायचं. मग झाकण काढून रंग बघायचा, वास घ्यायचा, मोजायचं, आणि खायचं. एक नियम मात्र मी माझ्या मनाने घातला. आमच्या लहानपणी ओळखल्यावर खिरापत सगळ्यांना सारखीच वाटत. लेकरांचं लक्ष टिकावं म्हणून मी ठरवलं की जो ओळखेल त्याची पहिली मूठ. त्याने डब्यात हात घालायचा, मूठ भरायची, खायची. मग बाकीच्यांनी.

आमच्या पर्यवेक्षिका गीतांजली मॅडम. त्यांनी या खेळाचा व्हिडिओ काढून वर पाठवला. तो तालुक्यात सगळ्या सेविकांना दाखवला गेला. मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली, आणि देवाला सांगितलं की हे तुझंच. पण मनात ते माझंच होतं.

पंचफुला आमची मदतनीस. खिचडी शिजवणं, पाणी भरणं, लेकरांना घरून घेऊन येणं हे तिचं काम. सतरा वर्षं आम्ही दोघी एका खोलीत होतो. तिची नात माया, लेकीची लेक. मायाची आई अमरावतीला एका वसतिगृहात स्वयंपाकाला होती, म्हणून पोर आजीजवळ. चार वर्षांची झाली तरी धड बोलत नव्हती. काही मागायचं तर आजीचा पदर ओढायची. मी डॉक्टरांकडून कान तपासून घेतले. कान उत्तम होते.

तिचा अंगणवाडीतला पहिला शब्द डब्यामुळे आला. मी डबा हलवला, बाकीची लेकरं कल्ला करत होती, आणि कोपऱ्यातून कोणीतरी हळूच म्हणालं, "मुमुरे." पंचफुला हातातला डाव तसाच धरून दारात आली.

"कोन बोललं, बाई?"

"माया."

"माही माया?" ती म्हणाली आणि परत चुलीकडे गेली. बराच वेळ तिने तोंड इकडे वळवलं नाही.

त्यानंतर मायाला कोणी हरवू शकलं नाही. शेंगदाणे भाजलेले की कच्चे हे ती आवाजावरून सांगायची. याचा सगळ्यात जास्त राग आचलला यायचा. आचल म्हणजे भगवंतरावांची नात. भगवंतराव गावातले मोठे शेतकरी. त्यांचा गुरांचा वाडगा अंगणवाडीला लागूनच होता, त्यामुळे आचल आपल्याच अंगणात आल्यासारखी यायची. एकदा तिने डबा हलवला आणि लगेच सांगून टाकलं, "शेंगदाने हाय."

"अवं, तूच सांगतलं त मंग खेळ कायचा?" पंचफुला हसली.

"माया ओळखूनच घेते न. म्हून मी पयले सांगतो."

"तू आनजो एखादी अवघड खिरापत. मंग पाहू तिले जमते का."

हे पंचफुला म्हणाली नव्हती. हे मी म्हणाले होते.

माझं रोजचं एक व्रत आहे. अंघोळ झाली की पोथीचा एक अध्याय वाचायचा, आणि तोवर पाणीसुद्धा घ्यायचं नाही. अध्याय सुरू झाला की मध्ये बोलायचं नाही. पोथीला ताजं फूल लागतं. बहुतेक हे सगळं पहाटे घरीच होऊन जायचं. कधी राहिलंच तर पोथी पिशवीत घालून मी अंगणवाडीत आणायची आणि दुपारी लेकरं खेळात रमली की आतल्या सामानाच्या खोलीत बसायची. फुलं पंचफुला आणून द्यायची. शेषरावांच्या कुंपणावर गोकर्णीचा वेल होता, तिथून.

"तुमचा देव लय नखरेल हाय, बाई," ती म्हणायची. "आमचे बाबासाहेब पाहा, काईच मांगत नाई. अभ्यास करा म्हंतात फक्त."

"तेच तर अवघड हाय वं," मी म्हणायची, आणि आम्ही दोघी हसायचो. सुरुवातीच्या वर्षांत मी तिच्या हातून फुलं घेत नव्हते, ओट्यावर ठेव म्हणायची. पुढे ते आपोआप सुटलं. सुटलं याचंही मला मनातून कौतुक होतं.

कोजागिरीला चार दिवस राहिले होते. त्या दिवशी पहाटे मी नणदेच्या मुलीला परतवाड्याच्या गाडीत बसवून द्यायला गेले आणि अध्याय राहून गेला. बारा वाजले तोवर जीभ टाळ्याला चिकटली होती. खिचडी उतरवून झाली होती, लेकरं चटईवर ठोकळे मांडत होती. मी पंचफुलाला म्हटलं, "जरा फुलं आन वं."

"आता? पोट्टे एकले राहतीन."

"मी हाये न आत. दोन मिनिटांचं काम."

ती गेली. मी सामानाच्या खोलीत पाट मांडला, पोथी उघडली. फूल यायची वाट न पाहता वाचायला सुरुवात केली, कारण तहान लागली होती.

अध्याय निम्मा झाला असेल, तेव्हा बाहेर डबा वाजला. लेकरं आपली आपण खेळू लागली होती. प्रशिक्षणात सांगितलं होतं की बाईशिवाय मूल खेळ मांडू लागलं, तर समजा खेळ त्याचा झाला. मला ते आठवलं. मी वाचत होते, ओठ हलत होते, आणि कान बाहेर होते. आवाज टणक होता, फुटाण्यांपेक्षा जड. हरभरे, कच्चे, मी मनात म्हटलं. आणि त्याच वेळी बाहेर मायाचा आवाज आला, "हर्भरे." मग टाळ्या. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. पोर स्पष्ट बोलली होती.

थोड्या वेळाने आचल दारात आली. "बाई, माया पाहा कशी करते."

मी पोथीवरची नजर काढली नाही. डावा हात वर केला. थांब, असा. तो हात लेकरांच्या ओळखीचा होता. ती थांबली, मग गेली. माझ्या अकरा ओव्या राहिल्या होत्या. त्या मी वाचल्या, पोथीला डोकं टेकवलं, आणि तांब्यातलं पाणी प्यायले.

बाहेर आले तेव्हा माया चटईवर आडवी होती. तळहात गुलाबी, ओठ गुलाबी. मला आधी वाटलं, खडूचा रंग खाल्ला. मग तोंडाजवळ गेले तर फवारणीच्या औषधाचा वास आला. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने भिजलं होतं, पापण्या फडफडत होत्या. डबा बाजूलाच पडला होता. आत पेरणीचे हरभरे होते. बुरशी लागू नये म्हणून बियाण्याला लाल औषध चोळतात, आणि उदईसाठी, म्हणजे वाळवीसाठी, वरून दुसरं. भगवंतरावांच्या वाडग्यात ताडपत्रीवर ते वाळत घातले होते. आचलने ओच्यात भरून आणले होते.

"अवघड खिरापत आनली मी," आचल म्हणाली. "तरी तिनं ओळखली. मंग पयली मूठ तिचीच न, बाई?"

बाकीच्या लेकरांनी खाल्ले नव्हते. पहिली मूठ मायाची होती, आणि ती खाऊन होईपर्यंत थांबायचं हे मीच शिकवलं होतं. थांबायला मी त्यांना फार चांगलं शिकवलं होतं.

पंचफुला आली तेव्हा मी मायाचं तोंड धूत होते. शेषरावांच्या वेलावर धड फूल उरलं नव्हतं, म्हणून ती गावाबाहेरच्या कुंपणापर्यंत जाऊन आली होती; तिच्या पदरात गोकर्णीची फुलं होती. तिने ती कुठे टाकली मला माहीत नाही. आचलचे वडील श्याम यांनी गाडी काढली. आधी अंजनगाव, तिथून लगेच अमरावती. दर्यापूरच्या पुढे मायाला झटके आले. श्यामने मागून सांगितलं, पंचफुला सगळ्या वाटेत एकच म्हणत होती, "बोल न वं माय. तुले बोलता येते न आता."

अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात माया नऊ दिवस होती. चार दिवस नळीने श्वास. मी दुसऱ्या दिवशी गेले. पंचफुला जिन्याखाली चटई टाकून बसली होती. मी शेजारी बसले, तिचा हात धरावा असं वाटलं, पण धरला नाही.

ती म्हणाली, "बाई, तुमी मले फुलाले धाडलं होतं हे म्या कोनाले सांगतलं नाई. माह्या पोरीलेबी नाई. काय सांगाचं ते तुमी सांगा. तुमी लिवनाऱ्या बाई हा."

ती मला वाचवत होती की माझी परीक्षा बघत होती, हे मला आजही कळलेलं नाही. बहुतेक दोन्ही नसेल. तिला फक्त वाटलं असेल की मी खरं ते सांगेन.

तिसऱ्या दिवशी सकाळी भगवंतराव माझ्या ओसरीत आले. टोपी काढून मांडीवर ठेवली. ओरडणारा माणूस नाही. त्यांनी रात्रभर झोप घेतली नव्हती हे डोळ्यांवरून दिसत होतं.

"इंदूबाई, मॅडम खुलासा मांगतीन. काय लिवाचं ते तुमी पाहा. मी दबाव आनत नाई. फक्त आचलचं नाव येऊ देऊ नका. आज चार वर्साची हाय. उद्या तिच्या लगनापावतर लोकं म्हनतीन, हेच ते, जिनं औषध चारलं."

"तिनं चारलं नाही भाऊ. खेळली ती."

"तेच म्हनतो मी. पन खेळ कोनाचा होता?"

त्यांनी आवाज चढवला नाही, बोट दाखवलं नाही. ते उठले, टोपी घातली, तुळशीला नमस्कार केला.

"मायाचा दवाखाना मी पाह्यतो. त्याची फिकर नका करू," एवढं बोलून गेले.

त्याच दुपारी गीतांजली मॅडम कागद घेऊन आल्या. मी लिहिलं. घटनेच्या वेळी मदतनीस केंद्रात हजर नव्हती. मी आतल्या खोलीत होते. बालिकेने केंद्राबाहेरून आलेले बियाणे खाल्ले. ते कोणी आणले हे मी पाहिले नाही. लक्षात येताच तोंड धुऊन तिला दवाखान्यात हलवले.

खोटं बोलायचं नाही, हेही माझं व्रत आहे, आईपासूनचं. त्या कागदावर एकही वाक्य खोटं नव्हतं. मी सही केली, खाली तारीख घातली.

मॅडमनी कागद वाचला. "मदतनीस कुठे गेली होती?"

"बाहेर गेली होती."

"न सांगता?"

मी खाली बघितलं. मॅडमनी स्वतःच काहीतरी समजून मान हलवली आणि कागद फाइलीत ठेवला.

दिवाळीच्या आधी पंचफुलाला कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. माया तोवर घरी आली होती. पत्र देण्याचं काम माझ्याकडेच आलं, कारण मी केंद्राची सेविका. पंचफुलाने ते हातात घेतलं, वाचलं. तिला वाचायला येतं, सातवीपर्यंत शिकली आहे. 'कामाच्या वेळेत विनापरवानगी अनुपस्थित' या ओळीवर तिचं बोट थोडा वेळ थांबलं. मग तिने घडी घातली.

"बरं," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती भांडेल. मी भांडणाची तयारी करून गेले होते. देवाला सांगून गेले होते की जे बोलेल ते ऐकून घेईन.

दिवाळीनंतर अंगणवाडी उघडली. नवी मदतनीस आली, चांदूरबाजारकडची नवी सून, पोरसवदा. तो डबा मी फेकून दिला होता. लेकरं ठोकळे, चित्रं, मातीचे बैल यांत रमायची, पण मला ते खेळ बघवत नव्हते. पोथी मी पहाटे घरीच वाचत होते. एक दिवस चुकवला नाही. वाचताना मात्र बाहेरचा आवाज ऐकत राहायची सवय लागली. कोणी दार वाजवत नसलं तरी.

नोव्हेंबरच्या अखेरीस गीतांजली मॅडम भेटीला आल्या. खेळ-कोपऱ्याचे फोटो हवे होते. मी लेकरांना म्हटलं, तुमच्या मनाने खेळा. मॅडम मोबाइल धरून बसल्या.

आचलने खेळ मांडला. चंदा नावाची एक पोर होती, तिला ढकलून म्हणाली, "तू पंचफुला. जा वं, फुलं आन." चंदा दाराबाहेर जाऊन उभी राहिली. आचलने पाटावर चित्रांचं पुस्तक उघडलं, मांडी घातली, आणि पुढेमागे डुलत ओठ हलवू लागली. दुसरी दोघं रिकामा खोका हलवत होती. तिसरी एक पोर चटईवर आडवी झाली आणि पाय झाडू लागली. खोका हलवणारा पोरगा आचलजवळ गेला. "बाई, माया पाहा कशी करते." आचलने मान वर केली नाही. डावा हात वर केला. थांब.

तो हात हुबेहूब माझा होता. मनगट थोडं आत वळवलेलं.

मॅडम हसल्या. "हे काय खेळता गं?"

"बाई-बाई," आचल म्हणाली.

"आणि ही का झोपली?"

"हे माया हाय. हे मरून राहिली."

"मग बाई उठत का नाहीत?"

"बाई पोथी वाचते. मंधात बोलाचं नसते," आचल म्हणाली. मूर्ख प्रश्नाला उत्तर द्यावं तशी. आणि परत डुलू लागली.

मॅडमचा मोबाइल खाली आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मी 'लेकरांचा खेळ हाय मॅडम' म्हणाले असते तर त्यांनी ते मान्य केलं असतं. ते वाक्यही खोटं नव्हतं. माझ्या तोंडाशी आलं होतं.

मी म्हटलं, "असंच झालं होतं, मॅडम."

मग लेकरांच्या समोरच सगळं सांगितलं. फुलांना मी पाठवलं होतं. डबा वाजलेला मी ऐकला होता. आचल बोलवायला आली होती. माझ्या अकरा ओव्या राहिल्या होत्या.

मॅडमनी मोबाइल पर्समध्ये टाकला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "इंदूबाई, मी हे ऐकलं नाही असं समजते. तुमचा खुलासा वर गेला आहे, निर्णय झाला आहे, जागा भरली आहे. आता बदललात तर तुमचं काम जाईल आणि पंचफुलाचं परत येणार नाही. बावीस वर्षं झाली तुम्हाला. पोर वाचली ना? देवाची कृपा समजा."

"देवाची कृपा समजूनच गप्प होते, मॅडम."

दुसरा कागद मी घरी बसून लिहिला. दोन पानं झाली. आचलचं नाव त्यातही घातलं नाही, 'एका बालिकेने' असं लिहिलं, आणि खेळाचा नियम माझा होता हे लिहिलं. स्वतः तालुक्याच्या कार्यालयात नेऊन दिला. आवक क्रमांक पडला.

मॅडम म्हणाल्या तसंच झालं. मला नोटीस आली, मग कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. नवी मदतनीस एकटीने केंद्र चालवायला तयार झाली नाही आणि माहेरी निघून गेली. शेजारच्या गावच्या सेविकेकडे आमच्या गावाचा जादा पदभार दिला. ती आठवड्यातून एकदा येते, शिधा वाटते, वजनं घेते, कुलूप लावते. आचलला आणि तिच्यासारख्या सातआठ जणांना अंजनगावच्या इंग्रजी नर्सरीची गाडी न्यायला लागली. बाकीच्यांचे दिवस घरी जाऊ लागले, म्हणजे वावरात.

हे सगळं झाल्यावर मी पंचफुलाकडे गेले. तिचं घर वस्तीत, विहाराच्या मागे. सतरा वर्षांत मी तिथे लसीकरणाच्या यादीसाठी गेले होते, बसायला कधी नाही. दुपार कलली होती. ती कापूस वेचून नुकतीच आली होती, बोटांना चिरा पडल्या होत्या, त्यांना खोबरेल लावत होती. माया दाराच्या आत, भिंतीला टेकून बसली होती. मला बघून ती आत सरकली.

"या," पंचफुला म्हणाली. बाज पुढे केली. "पानी देत नाई. तुमचा उपास असन."

"आज नाही."

तरी तिने दिलं नाही. मी मागितलं नाही.

"माया कशी हाय?"

"जेवते. ताटात डोयानं दिसलं त जेवते, झाकलेलं काई खात नाई. मी एक घास खाल्ल्याबिगर तोंड नाई लावत." तिने बोटावरचं तेल दुसऱ्या बोटाला पुसलं. "बोलत नाई. पयले थोडं बोले, तेवढंबी नाई. डॉक्टर म्हनते येईन. कव्हा ते नाई सांगत."

मी सांगितलं की मी दुसरा कागद दिला आहे. खरं ते सगळं लिहिलं आहे. तुझा काहीच दोष नव्हता असं लिहिलं आहे.

"माईत हाय. गावात समजलं."

"मी माफी मागायला आले, पंचफुला."

"पयल्या कागदात तुमी खोटं कोठी लिवलं होतं? म्या पाह्यलं न. मॅडमनं दाखोलं मले. एक बी शब्द खोटा नव्हता." ती शांतपणे बोलत होती, हिशेब सांगावा तशी. "तुमच्या पयल्या कागदानं माहं काम गेलं. दुसऱ्यानं आंगनवाडी गेली. वस्तीतले बारा पोट्टे हाय. त्यायच्या आया त्यायले कपाशीत घेऊन जातात, वावराच्या कडेले धुऱ्यावर बसोतात. तठी काय हाय? औषधाचे डबे हाय. तुमी दोन्ही टाइमले तुमचं मन पाह्यलं, बाई. एकदा भेवाचं, एकदा पुन्याचं."

आत माया पायाच्या अंगठ्याने जमिनीवर काहीतरी रेघोट्या काढत होती, माझ्याकडे पाठ करून.

"माझ्याकडे आण त्यांना," मी म्हटलं. "सकाळी सोडायचं, वेचणी सुटली की घेऊन जायचं. मी दिवसभर त्यांच्यासमोर बसेन. दुसरं काही करणार नाही."

"तुमच्या घरी? वस्तीतले?"

"हो."

"ओसरीत का घरात?"

मी क्षणभर थांबले. ते तिने पाहिलं.

"घरात," मी म्हटलं.

"तुमच्या गल्लीतले बोलतीन."

"बोलू दे."

तिने खोबरेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. "मी त्यायच्या मायले विचारतो. धाडतीन त धाडतीन. माया येनार नाई."

"बरं."

"हे मी रागानं नाई म्हनत. तिच्यासमोर तुमचं नाव निघालं तरी ते मंग पलंगाखाली जाते. आता बी तेच करन, तुमी उठल्यावर. म्हून म्हंतो, पुन्हा येऊ नका."

मी उठले. चपला घालताना मागे वळून पाहायचं नाही असं ठरवलं, आणि पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी मी मधलं घर सारवून चटई अंथरली. साडेनऊला दोन पोरी आल्या, बहिणी, तीन आणि पाच वर्षांच्या. त्यांची आई, माणिकबाई, वेचणीच्या घाईत होती, तरी उंबऱ्यात उभी राहून तिने सगळं घर डोळ्यांनी फिरून घेतलं. भाकरी आणि तिखट फडक्यात बांधून आणलं होतं, ते थोरलीच्या हातात दिलं.

"बाई, एक सांगू का? वाईट नका मानू," ती म्हणाली.

"सांगा न."

"तुमच्या हातचं त्यायले काई खाऊ घालू नका. परसादबी नको. घरचं हाय तेच खातीन. आन काई झालं त मले वावरात बोलावनं धाडा, शेषरावच्या वावरात हावो मी."

मी हो म्हटलं. ती गेल्यावर दोघी बहिणी चटईच्या टोकावर बसल्या, भाकरीचं फडकं दोघींच्या मध्ये धरून, आणि मी काय करते ते बघत राहिल्या. मी त्यांच्यासमोर खाली बसले.